बंब, गीझर आणि मोट

बारामती व इंदापूर या तालुक्यांत थंडीकरितां घर तापविण्याची रीत कधीं नव्हती, आजहि नाहीं. खोल्या गॅसच्या बॉयलरनें तापवाव्या कीं उष्णतेच्या पंपानें, हा युरोपांतील गृहस्थापुढचा प्रश्न आपल्याकडे न्हाणीघराच्या दाराशीं येऊन थांबतो. पौषांतल्या पहांटे चार माणसांच्या स्नानाचें पाणी कशानें तापवावें? प्रश्न क्षुद्र वाटेल. परंतु त्याचा इतिहास क्षुद्र नाहीं, आणि त्याचें चुकीचें उत्तर कधीं कधीं प्राणावर बेततें.

आमच्या लहानपणीं इंदापुरास अंगणांत तांब्याचा बंब असे. मध्यें नळी, नळींत विस्तव, भोंवतीं पाणी आणि खालीं राखेची जाळी. बॉयलरचाच हा धाकटा भाऊ. तुराट्या, चिपाडें, वेड्या बाभळीच्या ढलप्या, जें हाताशीं येईल तें त्याला चाले. नीरेचा डावा कालवा १८८० नंतरच्या दशकांत या बाजूस आला, त्यामागून ऊंस वाढला, आणि सरपणाच्या दुष्काळी मुलखांत गुऱ्हाळांभोंवतीं चिपाडांचे ढीग दिसूं लागले. धुराच्या भीतीनें आजी बंबाला घरांत येऊं देत नसे. तो तिचा त्रागा नव्हता, शहाणपण होतें; आम्हांस तें उशिरां कळलें.

१८६८ सालीं लंडनमध्यें बेंजामिन मॉगन नांवाच्या एका रंगाऱ्यानें गॅसवर तत्काळ पाणी तापविणारें यंत्र काढलें व आइसलंडांतील उष्ण कारंज्यावरून त्याला ‘गीझर’ असें नांव दिलें. त्यांत जळालेल्या वायूला बाहेर जाण्याची वाट ठेवलेली नव्हती. आपला गॅस-गीझर त्याचाच सुधारलेला वंशज होय. त्यानें धूर नाहींसा केला असें आपण मानलें; वस्तुतः धूर अदृश्य झाला इतकेंच. कोंदट न्हाणीघरांत प्राणवायु अपुरा पडला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो, आणि त्याला ना रंग, ना वास. आमच्या परिचयाच्या एका घरीं तरुण मुलगा कडी लावून स्नानास गेला. पाण्याचा आवाज येत राहिला, हाकेला मात्र ओ येईना. वेळींच दार फोडलें म्हणून तो वांचला. थंडी येते म्हणून न्हाणीघराची एकुलती खिडकी पुठ्ठ्यानें बुजविलेली होती!

आतां दुसरा पक्ष. आपल्या जुन्या शेतकऱ्याला उष्णतेच्या पंपाचें तत्त्व समजावून सांगण्यास फार वेळ लागला नसता. कालव्याचें पाणी आपोआप उताराकडे जातें. विहिरींतलें वर आणावयाचें तर मोट लागते. बैल पाणी निर्माण करीत नाहींत, तें उचलतात. उष्णताहि स्वभावतः उष्णाकडून थंडाकडे वाहते. तिला उलट चढविण्यास श्रम पडतात, आणि ते येथें वीज करते. विहीर जितकी खोल तितके श्रम अधिक. युरोपांतील बर्फाळ हवा ही खोल विहीर. आपली हिवाळ्यांतलीहि हवा त्या मानानें उथळ. म्हणून येथें एक युनिट विजेंत तीन युनिटांच्या आसपास उष्णता पदरांत पडूं शकते.

ही कल्पना विल्यम टॉमसन, पुढें लॉर्ड केल्व्हिन, यानें १८५२ सालीं मांडली. त्याच दशकांत पीटर फॉन रिटिंगर यानें ऑस्ट्रियांतील एबेनझे येथें मिठाचें पाणी आटवितांना निघणारी वाफ दाबून पुन्हां त्याच कामास लावण्याचा प्रयोग केला. आपल्या गुऱ्हाळांतील काहिलीची वाफ आभाळांत जाते. साखर कारखान्यांत मात्र, रिल्यू यानें १८४३ सालीं पेटंट घेतलेल्या पद्धतीनें, एका भांड्याची वाफ दुसऱ्यास तापविते. काटकसरीची ही एकच परंपरा आहे. १९३८ सालीं झुरिच येथील नगरगृह लिमाट नदीच्या पाण्यांतील उष्णता उपसून तापविलें गेलें.

हिशेब करूं. माणशीं वीस लिटर पाणी वीस अंशांनीं तापविण्यास चौघांना सुमारें १.९ युनिट उष्णता लागते. गॅस-गीझर त्यासाठीं अंदाजें १८० ग्रॅम गॅस जाळील; म्हणजे १४.२ किलोंचें सिलिंडर एवढ्याच कामाला अडीच महिने पुरेल. पंपाला सुमारें ०.६ युनिट वीज पुरते. पण येथें पंपाच्या कैवाऱ्यांनीं प्रामाणिक राहिलें पाहिजे: औष्णिक केंद्रांत कोळशांतील उष्णतेच्या सुमारें एक-तृतीयांशाचीच वीज होते, म्हणजे पंप जें मिळवितो तें बहुतांशीं तेथें आधींच गमावलेलें असतें. शिवाय पंप महाग, त्याला टाकी हवी, आणि वीज गेली कीं तो स्वस्थ बसतो. उलट, देशांतील स्वयंपाकाच्या गॅसपैकीं निम्म्याहून अधिक परदेशांतून येतो, तर साखर कारखाने उंसाचा भुसा जाळून वीज करतात, आणि गळिताचा हंगाम व थंडी बरोबरच येतात. बंबांतलें चिपाड असें तारेवाटे परत येऊं शकतें.

माझ्या मतें एकत्र कुटुंबास व वसतिगृहास पंप परवडेल; लहान बिऱ्हाडास अजून गॅस सोयीचा. मात्र गॅस घेणाऱ्यानें तो भिंतीबाहेर, मोकळ्या हवेंत बसवावा, जेथें आजीनें बंब ठेविला होता. आधींच आंत बसला असेल, तर बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, खिडकी उघडी ठेवावी, आणि मगच दाराला कडी लावावी.