समुद्रकाठची झाडे : घरची आणि पाहुणी

बेळगाव आणि वेंगुर्ले यांचे नाते जुने. रेल्वे येण्यापूर्वी घाटावरचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे, आणि बंदरातला बेळगावच्या छावणीत चढे. आता उलट ओघ सुरू आहे. आमच्याकडचे चार पैसेवाले आंबोलीचा घाट उतरून समुद्रकाठी जागा घेतात आणि घराआधी बागेचा विचार करतात.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने शिरोड्याच्या बाजूला वीस गुंठे घेतले. बागेचा नकाशा दाखवायला तो आला. मधोमध हिरवळ, कडेने शोभेचे पाम, आणि समुद्राच्या अंगाला असलेल्या उंडीच्या तीन जुन्या झाडांवर लाल फुल्या. "सर, त्यांच्यामुळं समुद्रच दिसत नाही," तो म्हणाला. मी इतिहासाचा शिक्षक, माळी नव्हे. पण त्या फुल्यांनी मला पुस्तके उघडायला लावली.

किनाऱ्यावर झाड निवडणे ही आजची हौस नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या त्या लेखात ३२ हजार माडांचे दान नोंदले आहे. खारा वारा आणि पायाखालची रेती या दोन्हींना पुरून उरणारा माड तेव्हाच लोकांनी हेरलेला होता. आंब्याचे तसे नाही. खाऱ्या वाऱ्याने त्याची पालवी करपते. म्हणून जाणता कोकणी माणूस कलमे घराच्या आडोशाला लावतो आणि वाऱ्याच्या तोंडी उंडी, भेंड, करंज ठेवतो. उंडीचे पान जाड व गुळगुळीत, त्यावर खार टिकत नाही. तिच्या बियांच्या कडू तेलावर दिवे जळत, होड्यांनाही ते लागे. लाकूड नौकाबांधणीचे.

इथे रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' आठवल्यावाचून राहत नाही. पंत आपल्या बावड्याचे. ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा. आरमाराला लाकूड हवे, हे ते मान्य करतात. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू देत नाहीत. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात, असे त्यांचे म्हणणे. एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. आरमाराची निकड असतानाही ही सबुरी! आमच्या शिष्याची निकड तर व्हरांड्यातून सूर्यास्त पाहण्याची. मी त्याला तो उतारा वाचून दाखवला. दोन उंडी राहिल्या, एक गेली.

परक्या झाडांना माझा सरसकट विरोध नाही. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात नारळ, आंबा, फणस आहेत, काजू नाही. १५७८ च्या क्रिश्तोव्हाव द कोस्ताच्या ग्रंथात मात्र तो कोचीच्या बागांत दिसतो. पुढे हा पाहुणा घाट चढून चंदगड-खानापूरपर्यंत आला. देवळापुढचा चाफासुद्धा मूळचा अमेरिकेकडचा, हे सांगितले तर आमच्या पुजारीबुवांना राग येतो.

सुरूची गोष्ट वेगळी. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात आला आणि त्याच दशकात कारवारच्या रेतीत सरपणासाठी सुरूची लागवड सुरू झाली. १८८३ साली रवींद्रनाथ थोरल्या बंधूंकडे कारवारला राहिले, तेव्हा तिथे सुरूचे बन उभे होते. आपल्या आठवणींत त्यांनी त्याचे वर्णन केले आहे. सुरू झपाट्याने वाढतो, वारा अडवतो. पण त्याच्या काड्यांच्या थराखाली दुसरे फारसे काही रुजत नाही, आणि लाटांनी रेती खणली की उथळ मुळांवरचे झाड आडवे होते. एकटा सुरू लावून स्वस्थ बसणे मला पटत नाही.

नकाशात एक गोष्ट मात्र कोणीच काढली नव्हती, कारण ती कचरा म्हणून आधीच उपटायची ठरली होती. भरतीरेषेच्या वर रेतीवर पसरणारी, जांभळ्या फुलांची मर्यादवेल. पेरापेराला मुळे सोडून ती उडती रेती जखडते. तिच्यामागे केवडा आणि निरगुडी तग धरतात, मग उंडी, मग माड. गड्याला मी एवढेच सांगितले की कुदळ तिच्या अलीकडे थांबव.