रस्ता सुरक्षेची राष्ट्रीय यंत्रणा : परिषदेपासून मंडळापर्यंत

प्रस्तुत लेखात भारतातील रस्ता सुरक्षेच्या राष्ट्रीय यंत्रणेची रचना कशी घडत गेली, याचा ऐतिहासिक मागोवा घ्यावयाचा आहे. त्याचा प्रारंभ दिल्लीऐवजी बदलापूर पश्चिमेतील मांजर्लीपासून करणे सोयीचे ठरेल. येथील अंतर्गत रस्ते कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचे, वाहतूक नियमन ठाणे पोलीस आयुक्तालयाचे, वाहननोंदणी कल्याणच्या परिवहन कार्यालयाची, तर जिल्हा रस्ता सुरक्षा समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील. अपघात घडला की गुन्हा बहुधा चालकावर नोंदविला जातो. वळण सदोष होते काय, याचे उत्तर या चौघांपैकी कोणी द्यावयाचे, हे नागरिकास उमगत नाही. ही विभागणी स्थानिक ढिलाईतून आली असे मानणे चुकीचे होईल. तिचे मूळ कायद्याच्या इतिहासात आहे.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने राज्य व प्रादेशिक परिवहन प्राधिकरणे निर्माण केली, ती मुख्यत्वे परवान्यांच्या नियमनासाठी. सुरक्षेसाठी स्वतंत्र परिषद त्यात नव्हती. ती आली १९८८ च्या कायद्यातील कलम २१५ मध्ये. हा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. राष्ट्रीय परिषद, राज्य परिषदा आणि जिल्हा समित्या अशी तीन पायऱ्यांची रचना कागदावर सुबक होती. परंतु त्या स्थापन ‘करता येतील’ असेच कलमाचे शब्द होते, ‘कराव्या लागतील’ असे नव्हते. परिषदेस स्वतःचा निधी वा दंडात्मक अधिकारही कलमाने दिला नाही.

अमेरिकेचा मार्ग येथे तुलनेस घेता येईल. तेथे १९६६ मध्ये संमत झालेल्या दोन कायद्यांतून निघालेल्या यंत्रणांचे एकत्रीकरण होऊन १९७० मध्ये राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन उभे राहिले. वाहनांची मानके ठरविणे व सदोष वाहने उत्पादकास परत घ्यावयास लावणे हे अधिकार त्या यंत्रणेकडे आहेत.

आपल्याकडे असा विचार एस. सुंदर समितीने मांडला. २००५ मध्ये नेमलेल्या या समितीने २००७ च्या अहवालात राष्ट्रीय रस्ता सुरक्षा व वाहतूक व्यवस्थापन मंडळाची शिफारस केली. तदनुसार २०१० मध्ये लोकसभेत विधेयक मांडले गेले, मात्र ते संमत झालेच नाही. पोकळी भरून काढली ती न्यायालयाने. कोईम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ एस. राजशेखरन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०१४ रोजी निवृत्त न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ३० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने राज्यांना प्रमुख यंत्रणा, रस्ता सुरक्षा निधी व जिल्हा समित्या यांबाबत कालबद्ध निर्देश मिळाले. महाराष्ट्रात प्रमुख यंत्रणेची जबाबदारी परिवहन आयुक्तांकडे आली. म्हणजे नोंदणी व परवाने देणारे खातेच सुरक्षेचेही धुरीण झाले. १९३९ ची सावली येथे स्पष्ट दिसते.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम २१५-ब अन्वये राष्ट्रीय रस्ता सुरक्षा मंडळ स्थापणे केंद्रास बंधनकारक झाले. क्रियापद बदलले; काम मात्र सल्ला देण्याचेच राहिले. ३ सप्टेंबर २०२१ रोजी अधिसूचना निघाली, तरी प्रत्यक्ष नियुक्त्या रखडल्या आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी केंद्रास सहा महिन्यांची मुदत द्यावी लागली. दरम्यान एकट्या २०२२ या वर्षात देशात १,६८,४९१ व्यक्ती रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडल्या.

याच दुरुस्तीतील कलम १९८-अ मांजर्लीच्या दृष्टीने अधिक मोलाचे वाटते. रस्त्याचे आरेखन, बांधकाम वा देखभाल करणाऱ्याने विहित मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवले, तर एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. प्राधिकरण, ठेकेदार व सल्लागार या सर्वांचा त्यात उल्लेख असल्याने, वळणाविषयीचा प्रश्न निदान न्यायालयात तरी नाव घेऊन विचारता येतो.