नवख्याचा अधिकार



अपरिचित साधन सामान्य माणसाच्या हाती द्यावे कसे, हा प्रश्न मोबाइलबरोबर जन्मला असे पुष्कळांना वाटते. गोमंतकात तो मतदानाच्या निमित्ताने फार आधीच उपस्थित झाला होता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी विधानसभेची पहिली निवडणूक प्रौढ मताधिकाराने पार पडली. पुढे १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश राहावे, हा प्रश्न मोठा गहन. परंतु मतदारासमोर चित्रे दोनच होती. विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेशासाठी दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते मिळाली. पेडणे-डिचोलीचा ओढा विलीनीकरणाकडे होता; तेथे अनेकांची निराशा झाली. तरीही ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही आपला निर्णय स्वतःच्या हाताने नोंदवता आला, याचे मोल मला निकालाहून अधिक वाटते.

जून १९९९ मध्ये संपूर्ण विधानसभा निवडणूक मतदान यंत्रावर घेणारे गोवा हे पहिले राज्य ठरले. या यंत्राचे बाह्य रूप घडविण्यात पवईच्या आयआयटीतील ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा वाटा होता. यंत्र नवे, पण नावांची उभी यादी व चिन्हे मतपत्रिकेवरचीच राहिली. शिक्क्याच्या जागी बटण आले. ते दाबताच नावासमोर दिवा लागतो, लांब आवाज होतो. मत पोहोचल्याची खूण पटते. पुन्हा दाबले तरी मत एकच नोंदले जाते. त्यामुळे गोंधळून दोन ठिकाणी शिक्का मारल्याने मत बाद होण्याचा धोका उरला नाही. जुन्या ओळखीच्या आधाराने एकच नवी कृती शिकवायची, ती पूर्ण होताच पोच द्यायची आणि चुकीची किंमत नवख्याकडून वसूल करायची नाही, एवढेच हे शास्त्र आहे.

आजची अनेक अ‍ॅप्स याच्या उलट वागतात. उपयोग कळण्यापूर्वीच ती पासवर्ड मागतात, परवानग्या मागतात, परकी शब्दावली पुढे करतात. मग पेडण्यातील एखादी आजी मोबाइल नातवाच्या हाती देते, आणि त्यासोबत आपला गुप्त क्रमांकही. काम होते, पण स्वाधीनता जाते. मतदान कक्षात जिला एकटीने निर्णय घेता येतो, तिला स्वतःच्या पैशांसाठी मात्र दुसऱ्याचे बोट धरावे लागते.

या शाळेचे जे माजी विद्यार्थी आज अशी साधने घडवीत असतील, त्यांना माझी विनंती आहे. पहिला पडदा आखताना त्या आजीला समोर बसवा, स्वतः गप्प राहा आणि तिचे बोट कोठे अडखळते ते पाहा. तिला काय येत नाही, याची यादी करू नका. आपले साधन काय सांगायला विसरले, त्याची करा.