परमार घराणे

दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १३०५ पर्यंत माळव्यावर राज्य करणारा राजपूत वंश. राजधानी प्रथम उज्जैन, नंतर धार. आबू-चंद्रावती, वागड, जालोर व किराडू येथे या वंशाच्या शाखा होत्या. सुपीक जमीन आणि उत्तर-दक्षिण व्यापारमार्ग यांमुळे माळव्यात परमारांचा उत्कर्ष झाला. मात्र याच भूमीवर गुजरात, दख्खन व चेदी या तिन्ही शेजाऱ्यांचा डोळा असल्याने त्यांना स्वस्थता फारशी लाभली नाही.

उगम : वसिष्ठाने आबूवरील अग्निकुंडातून मूळ पुरुष निर्माण केला, ही कथा पद्मगुप्ताच्या नवसाहसांकचरित या काव्यात येते. हरसोल येथील ९४९ च्या ताम्रपटांवरून हे घराणे आरंभी मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचे मांडलिक होते असे दिसते. उपेंद्र हा पहिला ज्ञात पुरुष मानला जातो.

उदय : दुसऱ्या सीयकाने राष्ट्रकूट खोट्टिगाचा पराभव करून ९७२ मध्ये मान्यखेट लुटले आणि माळवा स्वतंत्र झाला. त्याचा वारस वाक्पती मुंज याने धनंजय, हलायुध, पद्मगुप्त अशा विद्वानांना आश्रय दिला. कल्याणी चालुक्यांच्या दुसऱ्या तैलपाशी त्याचा संघर्ष दीर्घकाळ चालला. गोदावरी ओलांडू नये, हा मंत्री रुद्रादित्याचा सल्ला त्याने मानला नाही, असे जैन ग्रंथकार मेरुतुंग सांगतो. मुंज कैद झाला आणि ९९४ ते ९९७ च्या दरम्यान तैलपाने त्याचा वध करविला. पुढे मुंजाचा भाऊ सिंधुराज याने राज्य सावरले.

भोज (कार. सु. १०१०–५५) : सिंधुराजाचा पुत्र व वंशातील सर्वश्रेष्ठ राजा. बांसवाडा व बेटमा येथील १०२० च्या ताम्रपटांत त्याच्या कोकणविजयाचा उल्लेख आहे. समरांगणसूत्रधार (वास्तुशास्त्र), शृंगारप्रकाश व सरस्वतीकंठाभरण (काव्यशास्त्र) आणि राजमार्तंड (योगसूत्रांवरील वृत्ती) हे ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. भोजपूरचे अपूर्ण शिवमंदिर त्याचेच मानतात. भोवतालच्या खडकांवर वास्तूचे आराखडे कोरलेले असल्यामुळे मध्ययुगीन स्थपती कसे काम करीत, हे तेथे प्रत्यक्ष पाहता येते. चालुक्य पहिल्या सोमेश्वराने धार लुटली. अखेरीस चेदीचा कलचुरी कर्ण व गुजरातचा पहिला भीम एकत्र चालून आले असतानाच भोज मरण पावला.

ऱ्हास : भोजानंतर जयसिंह हा चालुक्यांच्या मदतीने गादीवर आला. भोजाचा भाऊ उदयादित्य याने सु. १०७० मध्ये राज्य पुन्हा उभे केले. हा पराक्रम नागपूर येथील ११०४ च्या प्रशस्तीत वर्णिला आहे. त्याचा पुत्र जगद्देव चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या सेवेत गेला. यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगावचा १११२ चा शिलालेख त्याच्याच काळातला. पुढे गुजरातच्या सिद्धराज जयसिंहाने परमार राजा यशोवर्म्याला कैद केले आणि माळव्याचा मोठा भाग काही दशके गुजरातकडे राहिला. विंध्यवर्म्याने बाराव्या शतकाच्या अखेरीस तो परत मिळवला. अर्जुनवर्म्याच्या काळी मदन कवीचे पारिजातमंजरी हे नाटक धारेत शिळांवर कोरले गेले. तेराव्या शतकात देवगिरीचे यादव, गुजरातचे वाघेला व रणथंबोरचा हमीर यांच्या स्वाऱ्यांनी राज्य पोखरले. त्यातच दिल्लीचा सुलतान अल्तमश याने १२३३–३५ दरम्यान भिलसा व उज्जैन लुटले. अखेरचा राजा महलकदेव नावापुरताच उरला होता. सत्ता प्रधान कोका याच्या हाती होती. अलाउद्दीन खलजीचा सेनापती ऐन-उल्-मुल्क मुलतानी याने १३०५ मध्ये आधी कोकाला आणि मग मांडूच्या किल्ल्यात महलकदेवाला ठार केले.

कार्य : शेजाऱ्यांचा जो मुलूख परमारांनी जिंकला, तो त्यांच्याकडे फार काळ राहिला नाही, त्यांचे मंदिरशिल्प मात्र त्यांच्या सीमेपलीकडे जाऊन रुजले. माळव्यात विकसित झालेल्या भूमिज शैलीत शिखरावर लहान शिखरांच्या उभ्या रांगा रचलेल्या असतात. १०८० मध्ये पूर्णत्वास गेलेले उदयपूरचे (जि. विदिशा) उदयेश्वर मंदिर हा तिचा उत्कृष्ट नमुना. शिलाहारांच्या राज्यातील अंबरनाथ (१०६०) व यादवांच्या राज्यातील सिन्नरचे गोंदेश्वर ही मंदिरे याच शैलीत बांधली गेली. अठराव्या शतकात धार व देवास येथे संस्थाने स्थापणारे मराठा पवार आपले कुळ परमारांशी जोडतात.