आज कुणाची सुट्टी?

आमची लेक अडीच वर्षांची आहे. तिला अजून वार कळत नाहीत, पण सकाळी उठल्या उठल्या तिचा एक प्रश्न ठरलेला असतो. "आज कुणाची सुट्टी?"

'आज सुट्टी आहे का?' असं ती विचारत नाही. 'कुणाची' असं विचारते, कारण तिच्या अनुभवात सुट्टी घराला नसते, माणसाला असते. गुरुवारी आईची, शनिवार-रविवारी बाबाची. बायको चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मी हिंजवडीत कोड लिहितो. राहतो निगडीत, दोघांनाही सारखंच लांब पडेल अशा बेतानं. लेकीला दिवसभर माझी आई सांभाळते.

मागच्या वर्षी मी गंमत म्हणून दोघांची सुट्ट्यांची कॅलेंडरं एका छोट्या स्क्रिप्टमध्ये टाकली आणि दोघांना रजा न टाकता एकत्र मिळणारे दिवस मोजले. २०२५ या अख्ख्या वर्षात ते आठ निघाले, आणि त्या आठातले तीन एकट्या ऑक्टोबरात होते. दसरा-दिवाळीच्या या दिवसांना घरात एवढं महत्त्व का आहे, ते तेव्हा मला आकड्यात कळलं.

मग प्रश्न पडला, की गुरुवार कुठून आला? पिंपरी, भोसरी, चाकणच्या कित्येक कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. माझं बालपणही गुरुवारातच गेलं. पप्पा १९८९ साली लातूरकडून इकडे आले आणि भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागले. माझी शाळा रविवारी बंद, त्यांचं वर्कशॉप गुरुवारी. गुरुवारी मी शाळेतून यायचो तेव्हा ते दुपारची झोप काढून चहा पीत बसलेले असायचे. रविवारी मी घरी असायचो तेव्हा ते नसायचे.

"पप्पा, तुमची सुट्टी गुरुवारीच का असायची?" मी त्यांना आत्ता विचारलं, तिशी जवळ आल्यावर.

"लाईट," ते म्हणाले. एवढंच.

जरा खोदल्यावर पुढचं आलं. सगळ्या कारखान्यांनी रविवारीच मशीन बंद ठेवली, तर त्या दिवशी वीज पडून राहते आणि बाकी सहा दिवस पुरत नाही. म्हणून तुटवड्याच्या काळात वेगवेगळ्या भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार नेमून दिले गेले. त्याला स्टॅगरिंग म्हणतात. पुण्याच्या या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला आणि मुरला. विजेची दुरुस्तीची कामंही मग गुरुवारीच निघू लागली. आजही पुण्यात गुरुवारी लाईट गेली की कुणी दचकत नाही.

म्हणजे माझ्या आणि पप्पांच्या मधे जो वार उभा होता, तो विजेच्या हिशेबातून आलेला होता. मी इंजिनिअर आहे, लोड बॅलन्सिंग मला कळतं. हिशेब बरोबरच होता. फक्त त्यात घर हा आकडा नव्हता.

पण मुळात रविवार तरी कुठून आला?

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यात महिन्याला चार सुट्ट्या सक्तीच्या केल्या होत्या, पण त्या मोठ्या माणसांना नव्हत्या. त्या होत्या ७ ते १२ वर्षांच्या मुलांना. शाळेतल्या नव्हे, कारखान्यात काम करणाऱ्या मुलांना. त्या मुलांचा कामाचा दिवस नऊ तासांचा ठरवला, त्याला केवढी सुधारणा मानलं गेलं. हे वाचताना लेक माझ्या मांडीवर बसून मोबाईल ओढत होती. सुट्टीचा आपल्याकडचा कायदेशीर इतिहास मुलांपासून सुरू होतो, पण तो असा सुरू होतो.

मोठ्यांना हक्काची सुट्टी मिळवून देण्यासाठी झटला तो मुंबईतल्या गिरणीत स्टोअरकीपर राहिलेला माणूस, नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, आठवड्याला एक दिवस सुट्टी मागितली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारकडे दिलं. त्यांचा मुद्दा मोठा घरगुती होता. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा त्या दिवशी कामगाराला मोकळीक हवी. साहेबाला चर्चसाठी रविवार लागतो हे मालकांना पटत होतंच. कामगारालाही देव आहे, घर आहे, हे त्यांच्या गळी उतरवायला पुढची सहा वर्षं गेली.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया भाषणाला उभ्या राहिल्या. मला सगळ्यात जास्त त्यांचं कुतूहल वाटतं. गिरणीतून घरी गेल्यावर ज्यांची दुसरी पाळी सुरू होत असणार, त्यांनी सुट्टी मागताना डोळ्यांपुढे काय आणलं असेल? १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या कारखाना कायद्यात रविवार अगदी नियम म्हणून आला. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, प्रौढ कामगाराला कामावर बोलवायचं नाही. बोलवायचंच असेल तर त्या रविवारच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक पूर्ण दिवस सुट्टी द्यायची. आता मोजा. आधीचे तीन म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवार. नंतरचे तीन म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार. झाले की सगळे! कायद्याने रविवार दिला आणि त्याच कलमात उरलेले सहाही वार उघडे ठेवले. आमच्या भाषेत सांगायचं तर डीफॉल्ट व्हॅल्यू रविवार, पण पाहिजे तशी बदलता येणारी.

हा कायदा झाला तेव्हा आमचा भाग म्हणजे शेतं आणि गावं. मग १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि मोठ्या कंपन्यांमागून त्यांना माल पुरवणारी शेकडो वर्कशॉपं उभी राहिली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. २००९-१० च्या सुमाराला परदेशी गाड्यांचे कारखाने चाकणला सुरू झाले. आकुर्डीत खंडोबाचा माळ आहे. ज्या देवाच्या नावावर रविवार मागितला गेला, तो तिथे बसलाय आणि त्याच्या आजूबाजूच्या कारखान्यांतली माणसं रविवारी पंचिंग करून आत जातायत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात कामगाराकडून आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम करून घेऊ नये, असं म्हटलंय. वार सांगितलेला नाही. एका परीने हे प्रामाणिकच म्हणायचं. जे केव्हाच झालं होतं, ते कागदावर आलं.

मी हक्क कमी झाला म्हणून रडत नाहीये. बायकोला आठवड्याला एक दिवस मिळतो, मला दोन. १८८१ च्या त्या मुलांच्या मानानं आम्ही राजे आहोत. पण कायद्याने प्रत्येक वेळी एकेक माणूस मोजला. घर मोजलं नाही. पाळणाघराचंच घ्या. १९४८ च्या कायद्यात कारखान्यात पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं, १९७६ मध्ये ती संख्या तीसवर आणली. मूल मोजायचं ते आईच्या डोक्यामागे. बाप कितीही असोत. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात सुधारणा झाली, तेव्हा पन्नास कर्मचाऱ्यांची, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांची, मोजणी आली. पण पाळणाघरात दिवसातून चार वेळा जाऊन येण्याची मुभा आईलाच.

आता त्या आठ दिवसांकडे येतो.

२०२५ चा ऑक्टोबर आमच्यासाठी विचित्र होता. १ तारखेला, बुधवारी, खंडेनवमी. पप्पांच्या काळापासून हा एक दिवस असा, की कंपनीत घरच्यांना नेता येतं. मशीनला हार, हळद-कुंकू, पेढे. बायको लेकीला घेऊन गेली. तिने आईचं मशीन बघितलं, त्याला झेंडूचं फूल वाहिलं आणि घरी येऊन आजीला सांगितलं, "आईचं मशीन झोपलंय. त्याची सुट्टी." दुसऱ्या दिवशी २ ऑक्टोबर. दसरा, गांधी जयंती आणि गुरुवार, तिन्ही एकत्र. सगळे खूष. फक्त बायको म्हणाली, "अरे, तीन सुट्ट्या एकात गेल्या. खूष काय होतोस?"

दिवाळीत लक्ष्मीपूजन मंगळवारी, पाडवा बुधवारी. हे दोन दिवस दोघांचे. भाऊबीज पुन्हा गुरुवारीच, म्हणजे तिची ठरलेली सुट्टी त्यातच जिरली आणि मला काम. लहानपणी या दिवसांत आम्ही वल्लभनगरच्या स्टँडवर बोचकी घेऊन लातूरच्या एसटीची वाट बघत असायचो. पप्पांच्या चार सुट्ट्यांतला एक दिवस जायचा, एक यायचा. उरलेल्या दोन दिवसांत ते गावी शेताच्या बांधावर माझ्याशी निवांत बोलायचे. माझ्या आठवणीतले बोलणारे पप्पा बहुतेक त्या दोन दिवसांतलेच आहेत.

यंदा आम्ही गावी गेलो नाही. मंगळवारी सकाळी, उशिरा का होईना, किल्ला करायला घेतला. लेकीला डोंगर रचायचा दम नव्हता, म्हणून चाकणचा संग्रामदुर्ग ठरवला. भुईकोट, त्यामुळे चढ नाही. चार भिंती आणि भोवती खंदक. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाच्या फौजेपुढे तो जवळपास दोन महिने झुंजवला, हे मी तिला सांगत होतो. तिला खंदकात पाणी ओतायचं होतं. पप्पा खुर्ची टाकून सूचना देत होते, बायको गेरू कालवत होती, आई आतून फराळाला हाका मारत होती. संध्याकाळी पूजा झाली आणि तासाभरात मला अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल आला. तिकडे मंगळवारची सकाळ होती. मी लॅपटॉप घेऊन आत गेलो तेव्हा लेकीने दारातून विचारलं, "बाबाची सुट्टी संपली?"

त्याच क्लायंटने महिन्याभराने परतफेड केली. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची सुट्टी नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असते, १९४१ च्या तिथल्या कायद्याने. २७ नोव्हेंबरला तिकडे सगळं बंद, म्हणून मला रजा मागताक्षणी मिळाली. बायकोची तर सुट्टी होतीच. शिवाय तो मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, त्यामुळे आईने घट मांडला होता. तीन वेगळ्या हिशेबांचे गुरुवार एकाच घरात. माझ्या स्क्रिप्टमध्ये हा दिवस नव्हता.

त्या सकाळी लेकीने नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "आज आईची. आणि बाबाचीपण."

तिने थोडा वेळ आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाली, "आणि माझी?"