एकच रिंग, मग शांतता: लँडलाइनवरच्या नकोशा कॉल्सची गोष्ट

नको असलेला कॉल बंद करणं म्हणजे आपल्यासाठी स्क्रीनवर एक टॅप. पण फोनला स्क्रीनच नसेल तर? घरातला लँडलाइन वाजला की उचलल्याशिवाय कळायचंच नाही, पलीकडे मावशी आहे, क्रेडिट कार्ड विकणारा आहे, की नुसता श्वास ऐकवून घाबरवणारा कोणी. आज त्याचा इतिहास. गोष्ट बरीचशी अमेरिकेतली आहे, कारण हे भांडण तिथे थेट कोर्टात गेलं.

सुरुवातीला प्रत्येक कॉल ऑपरेटर हाताने जोडायची. १८८२ मध्ये मुंबईत एक्स्चेंज सुरू झालं, तेही असंच. म्हणजे फोन करणाऱ्याला आधी एका जिवंत माणसाशी बोलावंच लागायचं. मग आला ॲल्मन स्ट्राउजर. कॅन्सस सिटीत अंत्यविधीची व्यवस्था करून देणं हा त्याचा धंदा. असं सांगतात, की ऑपरेटर आपली गिऱ्हाईकं दुसऱ्याकडे वळवते असा त्याला संशय होता. त्याने ऑपरेटरशिवाय कॉल जोडणारा स्विच बनवला आणि १८९१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. सोय झाली, पण मधला माणूस गेला. आता कोणीही, कधीही, ओळख न देता तुमच्या घरात घंटा वाजवू शकत होता.

यावर उत्तर आलं १९८० च्या दशकाच्या शेवटी: कॉलर आयडी. अमेरिकेत पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या शांततेत एक्स्चेंज नंबर पाठवायचं, सेकंदाला १२०० बिट्सच्या वेगाने. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे ही आयडिया मला जाम आवडते. वायर तीच, फोन तोच, शेजारी फक्त एक छोटा डबा!

पण सगळे खूश नव्हते. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईने निवाऱ्यातून घरी फोन केला, तर तिचा ठावठिकाणा नवऱ्याला कळणार नाही का? पेनसिल्व्हेनियात खटला झाला आणि १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलर आयडी राज्याच्या फोन टॅपिंगविरोधी कायद्यात बसत नाही असा निकाल दिला. पुढे कायदा बदलला. नंबर लपवायचा असेल तर आधी स्टार-६७ फिरवायची सोय देशभर रुळली. म्हणजे ‘कोण बोलतंय?’ हा प्रश्न दोन्ही बाजूंनी खरा होता.

मग आल्या याद्या. २००३ मध्ये अमेरिकेत ‘डू नॉट कॉल’ नोंदणी सुरू झाली. आपल्याकडे ट्रायने २००७ मध्ये तसेच नियम आणले. १९०९ वर करतो ते डीएनडी त्याच वाटेवरचं. पण यादी पाळतो तो प्रामाणिक विक्रेता. फसवणाऱ्याला कसली यादी? इंटरनेटवरून कॉल स्वस्त झाले, एक कॉम्प्युटर हजारो घरं वाजवू लागला, आणि दिसणारा नंबरही खोटा असू लागला. त्यात सापडायची ती घरी एकटी असणारी, प्रत्येक फोन विश्वासाने उचलणारी म्हातारी माणसं.

शेवटी २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चक्क स्पर्धा लावली: रोबोकॉल थांबवा, ५०,००० डॉलर्स मिळवा. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या विजेत्यांपैकी एक होता ॲरन फॉस. त्याची युक्ती साधी. कॉल आला की तो घरी आणि त्याच्या सर्व्हरवर एकाच वेळी वाजणार. एका घराला एकच कॉल दिसतो. सर्व्हरला मात्र दिसतं, की हाच नंबर आत्ता शेकडो घरं वाजवतोय. मग सर्व्हरच तो उचलून कापतो. घरात एक रिंग, मग शांतता. नोमोरोबो नावाची ही सेवा सुरुवातीला इंटरनेटवर चालणाऱ्या लँडलाइनपुरतीच होती. जुन्या तांब्याच्या तारेवरची म्हातारी माणसं तशीच राहिली.

मला यातली गंमत ही वाटते, की स्ट्राउजरने काढलेली ऑपरेटर सव्वाशे वर्षांनी सॉफ्टवेअर होऊन परत आली. पण कोणाचा कॉल आत सोडायचा, हे आता तीच ठरवते. म्हणून आजी-आजोबांच्या फोनवर स्पॅम फिल्टर नक्की लावा, पण त्याने काय काय अडवलंय तेही अधूनमधून बघा. एखादा दवाखान्याचा फोनही त्यात असू शकतो.

भेटू पुढच्या भागात!