अनामत व तुटफुटीची कपात (भाड्याचे घर)

घर भाड्याने देताना मालक भाडेकरूकडून घेतो ती परत करावयाची रक्कम म्हणजे अनामत, बोलण्यात डिपॉझिट. पुलगावात आणि एकूणच विदर्भात भाडे म्हणजे ‘किराया’, भाडेकरू म्हणजे ‘किरायेदार’, आणि अनामतीला पुष्कळदा ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात. निम्मी भांडणे या शेवटच्या शब्दातून निघतात. अ‍ॅडव्हान्स म्हटले की ते आगाऊ भाडे वाटते. मग घर सोडायच्या आधीचे दोन महिने किरायेदार ‘त्यातूनच कापून घ्या’ म्हणतो आणि फुटलेल्या बेसिनसाठी मालकाच्या हाती काहीच उरत नाही. उलट बाजूने, काही मालकांना ती रक्कम आपलीच झाली असे वाटू लागते. वास्तविक ती भाडेकरूची असते, मालकाने फक्त सांभाळायची. म्हणून कपातीचे कारण दाखवण्याचा भार कापणाऱ्यावर येतो. पागडी, म्हणजे घर देताना भाड्याव्यतिरिक्त घेतलेली एकरकमी रक्कम, ही निराळी गोष्ट. ती सहसा परतीची नसते.

पुलगाव हे वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातले, वर्धा नदीकाठचे नगरपरिषदेचे गाव. मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्ग, जुनी कापड गिरणी आणि केंद्रीय दारूगोळा भांडार यांमुळे बाहेरून नोकरीला आलेली माणसे इथे पूर्वीपासून राहत आली. बदलीच्या नोकरीतले कुटुंब मुलांच्या परीक्षा आटोपल्या की घर सोडते, तेही घाईत. सामान ट्रकमध्ये चढत असताना भिंतीची पाहणी करणे दोघांनाही अवघड जाते.

कायदा : स्वातंत्र्यानंतर विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्यासाठी मालकाला आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. घराची किंमत वा उपयुक्तता कायमची घटेल असे कृत्य हे त्यासाठीचे एक कारण होते. ३१ मार्च २००० पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली. हा अधिनियम अनामतीला कमाल मर्यादा घालत नाही आणि कपातीचे कोष्टकही देत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो.

कपातीचा खरा आधार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील कलम १०८ मध्ये सापडतो. करारात वेगळे ठरले नसेल, तर भाडेकरूने घर जसे घेतले तसे परत करायचे; मात्र वाजवी वापराने झालेली झीज आणि अनिवार्य आपत्तीने झालेले बदल यातून वगळलेले आहेत. लिव्ह अँड लायसन्सचा (भाडेपट्ट्याऐवजी फक्त राहण्याच्या परवानगीचा) करार असेल तर त्यातली कलमे आणि १८७२ चा करार अधिनियम पाहावा लागतो. भरपाई प्रत्यक्ष नुकसानीची मिळते, रागाची नव्हे. करारात दंडाचा मोठा आकडा लिहून ठेवला तरी न्यायालय त्या आकड्याच्या आत, वाजवी तेवढेच देते.

झीज आणि नुकसान : फिकट झालेला डिस्टेंपर, कॅलेंडरचा खिळा, उंबऱ्यापाशी गुळगुळीत झालेली फरशी, नळाचा झिजलेला वायसर ही झीज. तडकलेले बेसिन, उखडलेली बिजागरी, न विचारता कापलेली खिडकीची जाळी हे नुकसान. या दोहोंच्या मधोमध विदर्भात कूलर उभा असतो. मार्चपासून जूनपर्यंत तो खिडकीत बसतो. टाकी झिरपते, भिंतीत ओल उतरते, गिलाव्याला पोपडे येतात. उन्हाळ्यात इथे कूलर हा चैनीचा भाग नाही, त्यामुळे त्याची थोडी ओल वाजवी वापरातच धरावी लागेल. पण टाकी वर्षानुवर्षे गळत ठेवून गिलावा सुटला, तर तो हलगर्जीपणा. मालकाने दिलेल्या खिडकीला बाहेरून लोखंडी स्टँडच नसेल आणि कूलर चौकटीवर टेकवावा लागत असेल, तर अर्धा दोष मालकाचा, असे या नोंदीचे मत.

नुकसान ठरले तरी जुन्याचे नवे करून घेता येत नाही. समजा, रंगाला १०,००० रुपये लागतात, रंग पाच वर्षे टिकतो असे धरले आणि त्यातली चार वर्षे उलटली आहेत. तर रंग भाडेकरूने खराब केला असला तरी कपात २,००० रुपयांच्या आसपास बसते. गवंड्याची किंवा रंगाऱ्याची पावती हवी; ‘अंदाजे’ लिहिलेली चिठ्ठी न्यायालयात फारशी टिकत नाही. मीटर मालकाच्या नावावर असेल तर राहिलेले वीजबिल कापण्यात मात्र वाद नसतो. शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून मीटरच्या आकड्याचा फोटो घ्यावा.

करार : १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाडे व अनामतीवरील दहा टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. अकरा महिने दरमहा ५,००० भाडे आणि १५,००० अनामत असेल तर ते दीडशे रुपयांच्या आतच येते. तरीही लहान गावात ओळखीवर, कोऱ्या वहीतल्या चार ओळींवर घरे दिली जातात. करारासोबत सामानाची यादी जोडावी : पंखे किती, नळ कोणते, कोणती काच आधीपासून तडकलेली. कलम २८ प्रमाणे पूर्वसूचना देऊन मालकाला घर पाहता येते. दर पावसाळ्याआधी एकदा पाहिले तर ओल वेळीच दिसते.

वसुली : कपात वाटेल तेवढी नसली तरी नुकसान अनामतीपेक्षा जास्त असू शकते; अशा वेळी उरलेल्या रकमेसाठी मालकाला दिवाणी दावा लावता येतो. भाडेकरूलाही अडवलेली अनामत मागण्यासाठी तोच मार्ग, साधारण तीन वर्षांच्या मुदतीत. घर सोडायला लावण्यासाठी पाणी किंवा वीज तोडणे कलम २९ ने निषिद्ध आहे. दोन-चार हजारांच्या वादात वकिलाची फी रकमेला गिळते, म्हणून दावा लावण्यापूर्वी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवणे स्वस्त पडते. तिथली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही.

भाडेकरूने स्वतः बसवलेला कूलरचा स्टँड, पंखा किंवा जाळी त्याला ताबा सोडण्यापूर्वी काढून नेता येते. भोके मात्र बुजवून जायचे.